पट्टूची प्रदक्षिणा

तुळजाबाईंचं तोंड सकाळी कुणी पाहू नये, असा त्या घरात न बोललेला नियम होता. न बोललेला, कारण माणसं भली होती. वादिराज ऑफिसला निघायच्या बेतात आला की त्याची बायको सरोजा स्वयंपाकघरातून हाक मारी, "आत्याबाई, मागें जाऊन चिंच भिजत घाला की!" तुळजाबाई मुकाट्याने मागच्या ओसरीवर जात. वादिराजच्या चपलांचा आवाज गल्लीत विरला की चिंचेचं काम आपोआप संपे. त्या घरात रोज लागे त्याच्या दुप्पट चिंच भिजत होती आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

घर मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीत, तंजावरकडच्या मराठी माणसांचं. वादिराज हा तुळजाबाईंच्या भावाचा मुलगा. त्या स्वतः जन्मल्या तंजावरला, लग्न होऊन कुंभकोणमला गेल्या आणि नवऱ्याचा चेहरा नीट लक्षात राहायच्या आतच तो विषमज्वराने गेला. मग डोक्यावर वस्तरा फिरला, अंगावर तांबडं आलवण आलं, आणि माहेरी परत. भाऊ होता तोवर भावाकडे, भाऊ गेल्यावर भाच्याकडे. एका माणसाचं आयुष्य एवढ्यात सांगून होतं याचा मला राग येतो, पण त्याला इलाज नाही. बाकी सगळं दळण, कांडण, सोवळ्याचा स्वयंपाक आणि एकादश्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना कुणी शिवत नसे. सकाळी त्या सोवळ्यात असत म्हणून, आणि दुपारनंतर शिवायचं काही कारणच नसे म्हणून. महिन्यातून कधी न्हावी येई, तेव्हाच काय ते माणसाचे हात डोक्याला लागत.

अशा बाईकडे मांजर आलं. मागच्या दारच्या नारळाखाली कुणीतरी टाकून दिलेलं पिल्लू, राखी रंगाचं, मूठभर. सरोजा केरसुणी घेऊन धावली. "सोवळ्यांत मांजर कसें घेतां, आत्याबाई? सगळा विटाळ!" तेव्हा तुळजाबाई पिल्लाला पदरात धरून म्हणाल्या, "हें मांजर नव्हे गे. ही पट्टू आहे. पट्टूला विटाळ कुठला?" पट्टू म्हणजे तमिळमध्ये रेशीम, आणि रेशमाला विटाळ नसतो हे सोवळं पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक. वादिराज जेवता जेवता एवढा हसला की त्याला ठसका लागला. तो हसला म्हणजे परवानगी मिळाली. तुळजाबाईंच्या हयातीत त्यांच्या विनोदाला कुणी हसलं ते तेवढंच.

पट्टू वाढली. पहाटे तुळजाबाई अंगणातल्या तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालत, तेव्हा ती कठड्याला अंग घासत पायात पायात येई. दुपारी त्या ओसरीवर आडव्या झाल्या की उशाशी बसे आणि डोक्यावर पदराखाली वाढू लागलेले खुंट खरखरीत जिभेने चाटत राही. तुळजाबाई डोळे मिटून पडून असत. त्या वेळी त्यांना काय वाटत असेल ते मी काय सांगू. ज्याचं डोकं वर्षानुवर्षं कुणी कुरवाळलं नाही त्याला विचारावं.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गच्चीवर वडाम वाळत घातले होते, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरडया म्हणा. कावळे हाकायला काळी छत्री आणि काठी घेऊन तुळजाबाई बसल्या होत्या. ते काम नेहमी त्यांचंच. त्या दिवशी एकादशी होती, पाण्याचा थेंब पोटात नव्हता, ऊन तर मद्रासचं. बसल्या बसल्या त्यांची मान कलली. पट्टू मात्र जागी होती. कठड्यावर कावळा बसला, तिने झेप घेतली, कावळा उडाला आणि ती कठड्यापलीकडे गेली.

खाली मागच्या अंगणात कपडे धुवायचा काळा दगड होता. त्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला तेव्हा तुळजाबाईंना जाग आली.

त्या जिना कशा उतरल्या ते त्यांचं त्यांना आठवलं नाही. दगडाजवळ पट्टू आडवी पडली होती. "पट्टू! पट्टू गे!" अशा दोनतीन हाका मारल्यावर तिने डोळे उघडले, धडपडत उठली, क्षणभर जमीन हलत असल्यासारखी पाय फाकून उभी राहिली आणि भिंतीच्या कडेकडेने जाऊन ओसरीवरच्या पाटाखाली शिरली. उजव्या नाकपुडीतून रक्ताचा एक थेंब आला होता. तुळजाबाईंनी तो पदराने टिपला.

"अय्यो, पावम! बिचारी!" सरोजा डोकावून म्हणाली. "पण मांजरास कांही होत नाही हो. चार पायांवरच पडतें तें. निजूं द्या."

निजू द्या हेच तुळजाबाईंच्याही मनात होतं. उठली, चालली, म्हणजे लागलं नाही. उपासाने त्यांच्याच डोळ्यांपुढे अंधारत होतं. पट्टू संध्याकाळी दुधाला आली नाही, हाकेला कान हलला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली की आज एकादशी, तिनेही धरली असेल. थट्टाच होती ती, स्वतःशी केलेली.

दुसरा दिवस द्वादशीचा. द्वादशीचं पारणं सकाळीच व्हावं लागतं, तेव्हा घर उजाडायच्या आतच उठलेलं. तुळजाबाई ओलेत्याने चुलीपाशी, आणि अंगणातून सरोजाची किंकाळी आली. भीतीची नव्हे, आनंदाची.

"आत्याबाई! धांवा, धांवा! पट्टू प्रदक्षिणा घालतेय!"

खरंच घालत होती. वृंदावनाच्या कठड्याला उजवं अंग टेकवून, मान उजवीकडे वळवून, पट्टू तुळशीभोवती फिरत होती. हळूहळू, एका लयीत, न थांबता. तुळस उजव्या हाताला, अगदी शास्त्राप्रमाणे. एक फेरी झाली की दुसरी, दुसरी झाली की पुढची. मध्ये कुणी आलं तर थांबत नव्हती, पायाला धडकली तर तशीच पुढे.

मग काय विचारता! शेजारची अंबुजा, तीही तंजावरचीच, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. तिच्यामागून गल्लीतल्या तमिळ मामी आल्या, त्यांच्या लेकीसुना आल्या. कुणी मोगऱ्याची फुलं उधळली. कुणी म्हणालं, मागल्या जन्मीचा कुणी संन्यासी असणार. अंबुजाने हात जोडून विचारलं, "तुळजाबाई, काल एकादशीस हिनें कांही खाल्लें काय?"

"नाही," तुळजाबाई म्हणाल्या. "पाणीसुद्धां प्याली नाही."

बायकांमधून एक सुस्कारा गेला. निर्जळी एकादशी केलेलं मांजर! आणि मग त्या सगळ्याजणींनी तुळजाबाईंकडे पाहिलं. सकाळच्या प्रहरी, समोरून, तोंडाकडे. तुम्हीच हिला हे लावलंत, तुमच्याच व्रताचं हे फळ, असं जी ती म्हणू लागली. ऑफिसला निघालेला वादिराजसुद्धा दारातून परत फिरून आत आला, आत्याच्या शेजारी उभा राहिला, आणि चिंचेची आठवण कुणालाही झाली नाही.

माडीवर एक बिऱ्हाड होतं, कुमुदिनी आणि तिचा नवरा रविकांत. तो रेल्वेत, साताऱ्याहून बदली होऊन आलेला. कुमुदिनीला तमिळ येत नव्हतं आणि तंजावरची मराठी ऐकून तिला हसू येई, पण मनाने सरळ. ती जिन्यातून बराच वेळ बघत होती. खाली येऊन ती तुळजाबाईंच्या कानाशी म्हणाली, "आत्याबाई, मला हिचं काही ठीक दिसत नाही. ती बघतच नाहीये कुठे. पहाटे पाहिली तेव्हा भिंतीला डोकं लावून नुसती उभी होती. वेपेरीला जनावरांचा मोठा दवाखाना आहे म्हणतात. नेऊ या का?"

अंबुजाने ऐकलं. "तुमच्या देशावर प्रदक्षिणा घालत नाहीत काय?" असं म्हणून ती हसली, आणि इतरजणीही हसल्या.

तुळजाबाई पट्टूपाशी खाली बसल्या. ती फिरत फिरत समोर आली तेव्हा त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ऊन चांगलं वर आलं होतं. डाव्या डोळ्यातली बाहुली उन्हात असते तशी बारीक रेघेसारखी होती. उजव्या डोळ्यातली मात्र काळी, गोल, डोळाभर पसरलेली. त्या डोळ्यात ऊन शिरत होतं आणि डोळ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी डाव्या बाजूने बोट जवळ नेलं, तर ती पापणीही लववीना.

त्यांनी हे पाहिलं. मी त्यांची बाजू घेणार नाही, कारण पुढे त्यांनी स्वतःच ती कधी घेतली नाही. काहीतरी बिघडलं आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि मान वर केली तर एवढ्या बायका हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत. साऱ्या जन्मात अशी सकाळ आली नव्हती. त्यांनी पट्टूच्या उजव्या डोळ्यावर अलगद तळवा धरला, आणि कुमुदिनीला म्हणाल्या, "आज द्वादशी गे. उद्यां बघूं."

"तीर्थ द्या की तिला," अंबुजा म्हणाली. "उपास सुटूं दे. तुमच्याच हातानें द्या."

तुमच्याच हाताने! तुळजाबाईंनी देवघरातून पळी आणली. पट्टूची मान मागे कलती केली आणि पळीभर तीर्थ तिच्या तोंडात ओतलं. घोट गिळल्याची हालचाल काही गळ्याला झाली नाही. मग ती एकदम खोकली, नाकाशी फेस आला, अंग ताठरलं. पण त्यांनी हात सोडताच ती पुन्हा कठड्याला टेकली आणि चालू लागली. बायकांनी "गोविंदा, गोविंदा" केलं.

दुपारी गर्दी ओसरली. फुलांवरून मुंग्या फिरू लागल्या. पट्टू वृंदावनाशी बसली, ओकली, आणि एका अंगावर कलंडली. पुढचे पाय लाकडासारखे पुढे ताणलेले, श्वास घरघरत, कधी भराभर तर कधी येतो की नाही असा. तुळजाबाई माडीचा जिना कधीच चढत नसत. त्या दिवशी चढल्या. दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कुमुदिनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

हातरिक्षातून त्या दोघी वेपेरीला निघाल्या. तुळजाबाईंनी पट्टूला तान्ह्या मुलासारखं छातीशी गुंडाळून धरलं होतं. तिचं डोकं त्यांच्या दंडावरून खाली लोंबत होतं आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला हलत होतं. "लवकर, लवकर" असं त्या रिक्षावाल्याला तमिळमध्ये सांगत होत्या आणि तो बिचारा धावत होता.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, तमिळ बोलणारे, चेहऱ्याने शांत. त्यांनी आधी पट्टूला गुंडाळीतून काढून सपाट फळीवर ठेवलं, डोक्याखाली घडी घालून ते जरासं उंच केलं. दोन्ही डोळ्यांत विजेरी टाकून पाहिली. कुठून पडली, केव्हा पडली, शुद्ध गेली होती का, असं एकेक विचारत गेले. छातीला नळी लावल्यावर मात्र ते थांबले.

"हिच्या तोंडात कुणी काही ओतलं का?"

"तीर्थ," तुळजाबाई म्हणाल्या.

डॉक्टर इंजेक्शन भरायला वळले.

कुमुदिनीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती सारखी विचारत होती, "काय म्हणाले? काय म्हणताहेत?" आणि डॉक्टर सांगतील तसं ते तिला मराठीत सांगायचं काम तुळजाबाईंवर आलं. "म्हणतात, डोक्यास मार आहे. आंत सूज चढलीय... म्हणतात, पडून उठली म्हणजे बरी झाली असें नव्हे, दुसऱ्या दिवशींही बिघडतें... नाकांतून रक्त आलें तेव्हांच आणायचें होतें... बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या की एक घटकाही थांबायचें नव्हे." इथे त्यांनी आपला तळवा पदराला पुसला. मग पुढचं सांगू लागल्या. "म्हणतात, फळीवर निजवून आणायची, मान वाकवायची नाही. अंधारांत, गप्प ठेवायची. गर्दी करायची नाही. शुद्ध नसतां तोंडांत थेंबही घालायचा नाही, छातींत जातो."

"वाचेल का, विचारा ना."

त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "काल आणली असती तर?"

"वाचलीच असती असं सांगता येत नाही, पाट्टी," आजीशी बोलावं तसे डॉक्टर हळू म्हणाले. "पण अशी पुष्कळ वाचतात."

हे मात्र तुळजाबाईंनी मराठीत सांगितलं नाही. मग त्यांनी आणखी एक विचारलं, अगदी लहान आवाजात. ती तुळशीभोवती फिरत होती, ते कशाने? डॉक्टरांनी फळीवरच्या पट्टूच्या उजव्या कानामागे बोट ठेवलं, तिथे सूज होती. मार या बाजूला लागला, म्हणून ती या बाजूला वळत राहिली. सरळ चालायचं असतं तिला, पण जमत नाही. डाव्या बाजूला लागलं असतं तर डावीकडे फिरली असती, एवढंच.

पट्टू दिवेलागणीच्या आधी गेली. तुळजाबाईंचा हात तिच्या डोक्यावर होता. जाताना तिने काही त्यांना ओळखलं वगैरे नाही. ती कुणालाच ओळखण्याच्या पलीकडे कधीच गेली होती.

घरी आणलं तर अंबुजा दारातच उभी. "द्वादशीस गेली! केवढें भाग्य!" तिने तुळशीचं पान आणलं, नवं फडकं आणलं. नारळाखाली, जिथे ती सापडली होती तिथेच, तिला पुरलं. वादिराजने स्वतः खड्डा खणला. त्याचेही डोळे ओले होते. मी म्हटलंच, माणसं भली होती.

पण गोष्ट काही पुरता येत नाही. प्रदक्षिणा घालणाऱ्या मांजराची गोष्ट गल्लीभर झाली, गल्लीबाहेर गेली. द्वादशीला अंबुजा नारळाखाली फुलं ठेवू लागली. पाहुणे आले की तुळजाबाईंना बाहेर बोलावत, आता सकाळीसुद्धा, आणि म्हणत, सांगा की हो, कशी घातली तिने प्रदक्षिणा. एकदा त्यांनी खरं सांगून पाहिलं.

"ती प्रदक्षिणा नव्हती," त्या म्हणाल्या. "तिला मार लागला होता. एका अंगास दिसत नव्हतें तिला. सरळ जायला होत नव्हतें."

अंबुजा गहिवरून म्हणाली, "बघा! डोळे गेले तरी तुळशीस सोडलें नाही."

त्यानंतर तुळजाबाई गप्प झाल्या. दुपारी ओसरीवर आडव्या होत, तेव्हा पदर डोक्यावर घट्ट ओढून घेत. मान मिळाला होता, तोच आता गिळवत नव्हता. एका सकाळच्या मानासाठी आपण तिच्या डोळ्यावर हात धरला, हे त्यांच्या मनातून क्षणभर हललं नाही. कुमुदिनी कधी खाली येऊन जवळ बसे, "तुमचा काय दोष" म्हणे. तिला दोष माहीत होता, आणि ती म्हणे ते प्रेमानेच म्हणे, त्यामुळे तर ते अधिकच लागे.

वर्ष गेलं असेल. एका संध्याकाळी सरोजाने तुळशीशी दिवा लावला आणि ती वाती वळत पायरीवर बसली. तुळजाबाई रोजच्याप्रमाणे प्रदक्षिणेला आल्या. वृंदावनापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि उलट्या बाजूने चालू लागल्या, तुळस डाव्या हाताला ठेवून.

फेरी निम्मीही झाली नसेल. सरोजाच्या हातातल्या वाती गळून पडल्या.

"आत्याबाई! हें काय? उलट्या फिरतां? अय्यो! अहो, बाहेर या की!" वादिराजला अशी हाक मारीत ती धावत आली. सोवळं-ओवळं न बघता तिने दोन्ही हातांनी तुळजाबाईंचं डोकं धरलं, पदर मागे सारून कपाळ चाचपलं, कानामागे बोटं फिरवली. "कुठें पडलां काय? डोक्यास मार लागला काय? माझ्याकडे बघा. मी दिसतेंय ना तुम्हांस?"

किती वर्षांनी माणसाचे हात त्या डोक्याला असे लागत होते. तुळजाबाई तिच्या हातांत डोकं तसंच ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांना रडं आवरेना.

"इतक्यांत कळलें गे तुला?" त्या म्हणाल्या. "उलटी फिरल्यें तर अर्ध्या फेरींत कळलें? ती सबंध सकाळ फिरत होती गे."